नव्या प्रश्नोत्तर साइटवर: पहिला प्रश्न टाकण्याआधी आणि टाकल्यावर

बहुतेक जण नव्या प्रश्नोत्तर साइटवर एकाच पद्धतीने अपयशी ठरतात. खातं उघडलं, पाचव्या मिनिटाला प्रश्न टाकला, अर्ध्या तासात त्याला दोन उणे मतं (नापसंतीची मतं, डाउनव्होट) पडली, संध्याकाळपर्यंत प्रश्न बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी माणूस गायब. प्रश्न मुळात वाईट असतो असं नाही, क्रम चुकलेला असतो. तो क्रम इथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. आकडे मुख्यतः स्टॅक एक्सचेंज या विषयवार प्रश्नोत्तर साइट्सच्या समूहाचे आहेत, कारण नियम तिथे सगळ्यात काटेकोर आहेत. नव्या किंवा चाचणी अवस्थेतल्या साइटवर आकडे कमी-जास्त असतात, पण यंत्रणा साधारण तीच असते.

## टप्पा १: खातं न उघडता पाहणी

आधी ही साइट कोणत्या जातीची आहे ते ओळखा. वरवर सगळ्या सारख्याच दिसतात, वागायच्या पद्धती मात्र तीन आहेत.

पहिली जात एक प्रश्न, त्याखाली थेट उत्तरं, गप्पांना जागा नाही अशी. स्टॅक एक्सचेंज या जातीतलं. दुसरीत अनुभव आणि मत यांना मान असतो, जसं क्वोरावर. तिसरी चर्चेची, जसे रेडिटवरचे विषयवार गट, जिथे प्रश्नातून प्रश्न निघत जातात. पहिल्या जातीच्या साइटवर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की प्रश्न बंद होतो. तिसऱ्या जातीच्या ठिकाणी तोच प्रश्न सगळ्यात जास्त चालतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे उत्तरांचा क्रम. उत्तरं मतांनुसार लागत असतील, प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येत असेल आणि प्रतिक्रिया बारीक अक्षरात खाली दडवलेल्या असतील, तर ती पहिली जात.

मग मदतपान उघडा आणि त्यातले दोनच भाग नीट वाचा: काय विचारता येतं आणि काय विचारता येत नाही. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच सोडतात.

त्यानंतर वीस प्रश्न वाचा. दहा सर्वाधिक मतांचे, दहा नुकतेच बंद झालेले किंवा उत्तराविना पडलेले. फक्त गाजलेले प्रश्न वाचून फसगत होते. साइटच्या सुरुवातीच्या दिवसांत चालून गेलेले सैल प्रश्न मतांच्या जोरावर वर राहतात, पण तसाच प्रश्न आज टाकला तर टिकत नाही. आजचा नियम कळतो तो बंद प्रश्नांखालच्या प्रतिक्रियांतून.

साइट खरंच नवी असेल तर ती जिवंत आहे का तेही पाहा:

- गेल्या सात दिवसांत किती प्रश्न आले?
- त्यांतल्या किती प्रश्नांना एकही उत्तर नाही?
- उत्तरं देणारी वेगवेगळी माणसं किती?

यातला तिसरा आकडा निर्णायक. पन्नास प्रश्नांना उत्तरं मिळाली, पण त्यांतली चाळीस एकाच माणसाची, तर ती साइट त्या माणसाच्या उत्साहावर चालली आहे. तो दमला की सगळं थांबतं.

तपासा: आपण लिहिलेला मजकूर नंतर कोणाचा, आणि तो उतरवून घेता येतो का? स्टॅक एक्सचेंजवरचं लेखन क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं. लेखकाचं नाव देऊन आणि तोच परवाना ठेवून ते कोणीही वापरू शकतं. याहू आन्सर्स ही जुनी प्रश्नोत्तर साइट ४ मे २०२१ रोजी बंद झाली आणि वर्षानुवर्षांची उत्तरं साइटसोबत गेली. म्हणून लांब उत्तराची एक प्रत आपल्याकडे ठेवायची, साइट कितीही मोठी असो.

## टप्पा २: खातं

इथे फार वेळ घालवू नका. ईमेल पत्त्यातला @ च्या आधीचा भाग टोपणनाव म्हणून वापरू नका, कारण त्यावरून पत्ता ओळखता येतो. आजाराबद्दल, नोकरीबद्दल किंवा घरच्या भांडणाबद्दल विचारायचं असेल तर दुसरीकडे कुठेही न वापरलेलं नाव घ्या. हे प्रश्न शोधयंत्रात येतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. ईमेलवर सूचना येऊ द्या, निदान पहिला महिना. प्रश्नाखाली कोणी खुलासा मागितला आणि तो तुम्हाला चार दिवसांनी दिसला, तर खुलासा मागणारा तोवर निघून गेलेला असतो.

सावधान: उत्तर आलेला प्रश्न नंतर काढून टाकता येईलच असं नाही. स्टॅक एक्सचेंजवर प्रश्नाला अधिक मत (पसंतीचं मत, अपव्होट) मिळालेलं एक जरी उत्तर असेल, तरी प्रश्नकर्त्याला तो डिलीट करता येत नाही. कंपनीचं नाव, पासवर्ड, फोन नंबर किंवा दुसऱ्या कोणाची ओळख पटेल असं काहीही पहिल्या मसुद्यातच नको.

## टप्पा ३: पहिला आठवडा प्रश्न न विचारता

हा सल्ला कोणाला आवडत नाही. पण नव्या ठिकाणी हात बसायला एवढे दिवस लागतातच.

स्टॅक एक्सचेंजवर प्रत्येक खात्याला साइटवरच्या पतीचे गुण असतात, आणि नवं खातं १ गुणाने सुरू होतं. प्रश्न विचारणं, उत्तर देणं आणि दुरुस्ती सुचवणं एवढं तेवढ्यावर करता येतं. अधिक मत द्यायला १५ गुण लागतात, दुसऱ्याच्या प्रश्नाखाली प्रतिक्रिया लिहायला ५०, उणे मत द्यायला १२५. उत्तराला किंवा प्रश्नाला अधिक मत मिळालं की १० गुण, प्रश्नकर्त्याने उत्तर स्वीकारलं की १५, उणे मत पडलं की २ गुण वजा. सुचवलेली दुरुस्ती मान्य झाली की २. म्हणजे दोन बऱ्या उत्तरांना एकेक अधिक मत मिळालं की अधिक मत देण्याचा हक्क मिळतो.

पहिल्या आठवड्यात करण्यासारखी कामं दोन. एक, ज्या विषयात तुमचा हात आहे त्यातला छोटासा अनुत्तरित प्रश्न शोधून नीट उत्तर देणं. दोन, कुणाचा चांगला पण विस्कटलेला प्रश्न दुरुस्त करणं: परिच्छेद पाडणं, शीर्षक नेमकं करणं, चुकीचा टॅग (प्रश्नाचा विषय दाखवणारी चिठ्ठी) बदलणं. दुरुस्ती करताना कळतं की तिथल्या लोकांना प्रश्न कसा हवा असतो. हे मदतपान वाचून तितकंसं कळत नाही.

सावधान: नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. प्रतिक्रिया देण्याइतके गुण नसतात, म्हणून ‘मलाही हाच त्रास आहे, उपाय सापडला का?’ हे उत्तराच्या चौकटीत लिहिलं जातं. ते उत्तर नसतं, म्हणून उणे मतं पडतात आणि ते काढलं जातं. त्रास तोच असेल तर थांबा, किंवा आपल्या बारकाव्यांसह वेगळा प्रश्न लिहा.

## टप्पा ४: आधी विचारलंय का?

एकदा शोधून ‘काही नाही’ म्हणणं पुरेसं नाही. निदान तीन प्रकारे शोधा: लक्षणाच्या शब्दांत (‘चेन घसरते’), भागाच्या नावाने (‘कॅसेट’ म्हणजे सायकलच्या मागच्या दातेरी चक्रांचा संच, ‘डिरेलर’ म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), आणि संगणकाचा प्रश्न असेल तर एररच्या संदेशाचे नेमके शब्द अवतरणचिन्हांत. मराठीत शोधताना एक जादा कटकट असते. गिअर, गियर, गेअर अशा तिन्ही रूपांनी लोक लिहितात, आणि साइटचा शोध हे तिन्ही एकच धरेल याची खात्री नाही. तिन्ही टाकून पाहा. साइटचा स्वतःचा शोध कच्चा असेल तर बाहेरच्या शोधयंत्रात साइटच्या नावासह शोधा.

मिळताजुळता प्रश्न सापडला पण त्यातल्या उत्तराने भागलं नाही, तर तो दुवा आपल्या प्रश्नात द्या आणि आपलं प्रकरण कुठे वेगळं आहे ते एका वाक्यात लिहा. हे एक वाक्य नसेल तर दुसरा कोणीतरी तोच दुवा चिकटवून तुमचा प्रश्न ‘आधीच विचारलेला’ म्हणून बंद करतो.

## टप्पा ५: प्रश्न लिहिणं

साइटच्या चौकटीत थेट लिहू नका. आधी बाहेर लिहा आणि पुढील क्रमाने लिहा: काय साधायचं आहे, प्रत्यक्षात काय होतंय, परिस्थिती काय आहे, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं. शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं एक वाक्य. शीर्षक सगळ्यात शेवटी, कारण नेमका प्रश्न काय आहे हे लिहून झाल्यावरच कळतं.

फरक बघायला एकच त्रास दोन प्रकारे लिहिलेला पाहा. आधी नेहमीचा नमुना:

> सायकलचा प्रॉब्लेम, अर्जंट मदत हवी!
> नमस्कार, मी इथे नवीन आहे. माझी सायकल नीट चालत नाही. डिरेलरचा स्क्रू नक्की किती फिरवायचा? प्लीज लवकर सांगा. धन्यवाद.

आता हाच त्रास:

> नवी चेन बसवल्यावर मागच्या दोन लहान चक्रांवर जोर दिला की चेन घसरते
> मागे आठ चक्रांची कॅसेट आहे, तीन वर्षं रोज वापरातली. जुन्या चेनच्या २४ कड्या १२ इंचांऐवजी १२ १/८ इंच भरत होत्या, म्हणून चेन बदलली. नवी चेनही आठ गिअरचीच आहे. आता सर्वांत लहान दोन दातेरी चक्रांवर असताना, चढावर उभं राहून पेडल मारलं की चेन दातांवरून उडी मारते. मोठ्या चक्रांवर किंवा हलक्या पेडलवर असं होत नाही. केबलचा ताण पाव-पाव फेऱ्याने दोन्हीकडे बदलून पाहिला, फरक नाही. पेडल उलटं फिरवून एखादी कडी अडकते का तेही पाहिलं, नाही. हे कशामुळे होत असेल?

दुसऱ्या प्रश्नातल्या तीन गोष्टींवरून जाणकाराला उत्तर लगेच कळतं: चेन नवी आहे, त्रास फक्त लहान चक्रांवर आहे, आणि तोही जोर दिल्यावरच. जुनी चेन झिजून लांबली तेव्हा तिच्यासोबत नेहमीच्या वापरातल्या चक्रांचे दातही झिजले. नवी चेन मूळ मापाची असल्यामुळे ती त्या दातांत नीट बसत नाही. लहान चक्रावर चेनने पकडलेले दात कमी, म्हणून घसरणं तिथे आधी. उपाय कॅसेट बदलण्याचा. डिरेलरच्या स्क्रूचा याच्याशी संबंधच नाही.

आणि पहिल्या प्रश्नाचा खरा घोटाळा तोच आहे. त्याने मनात एक उपाय ठरवला आणि त्रास सांगण्याऐवजी त्या उपायाबद्दल विचारलं. एखाद्या भल्या माणसाने स्क्रू फिरवायची पद्धत दहा ओळींत समजावली असती, उत्तर अचूक ठरलं असतं आणि चेन तशीच घसरत राहिली असती. ‘अमुक कसं करू?’ असं लिहिलंत की स्वतःला एकदा विचारा: हे करून मला काय साधायचं आहे? ते वाक्य प्रश्नात नसेल तर घाला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात:

- शीर्षकात ‘मदत’, ‘अर्जंट’, ‘प्रॉब्लेम’ नको. त्रासाचं वर्णन हवं. फक्त शीर्षक वाचून जाणकाराला ‘हे मला येतं’ असं वाटलं पाहिजे.
- एका वेळी एकच प्रश्न. तीन विचारलेत तर लोक सोप्याचं उत्तर देतात आणि अवघड तसाच राहतो.
- ‘चालत नाही’ हे वर्णन नव्हे. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दोन्ही लिहा.
- एररचा संदेश किंवा कोड स्क्रीनशॉट म्हणून देऊ नका, अक्षरात लिहा. चित्रातला मजकूर शोधात येत नाही आणि कॉपी करून तपासताही येत नाही. फोटो फक्त दिसणाऱ्या गोष्टींसाठी, जसे झिजलेले दात.
- कोडचा प्रश्न असेल तर चूक पुन्हा घडवायला लागेल एवढाच तुकडा द्या, आणि तो नव्या कोऱ्या फाइलमध्ये स्वतः चालवून पाहा. निम्म्या वेळा चूक याच खटाटोपात सापडते.
- टॅग पाचपर्यंत लावता येतात, म्हणून पाचही लावू नका. एक विषयाचा, एक भागाचा, पुष्कळ झालं. तज्ज्ञ मंडळी टॅगवरून प्रश्न पाहतात. चुकीच्या टॅगचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.
- नमस्कार, मी नवीन आहे, आगाऊ आभार हे कडक साइटवर कोणीतरी कापून टाकतं. तो अपमान नाही.

तपासा: मसुदा तासभर बाजूला ठेवा. मग तुमची सायकल किंवा तुमचा संगणक कधीच न पाहिलेल्या माणसाच्या नजरेने वाचा. त्याला विचारावा लागेल असा पहिला प्रश्न कोणता? त्याचं उत्तर मजकुरात आधीच घाला.

## टप्पा ६: पहिला तास

प्रश्न टाकून उठू नका. पुढचा तासभर मोकळा असेल तेव्हाच टाका, कारण खुलासे बहुधा याच तासात मागितले जातात.

खुलासा मागितला की उत्तर प्रतिक्रियेत न देता मूळ प्रश्न संपादित करून योग्य जागी घाला. नंतर येणारा माणूस प्रतिक्रियांची माळ वाचत बसत नाही. शेवटी ‘ताजी माहिती’, ‘अजून एक’ अशी शेपटं जोडू नका. प्रश्न नेहमी पहिल्यांदाच लिहिल्यासारखा वाचता यावा. आधी काय होतं ते संपादनाच्या इतिहासात दिसतंच.

उणे मत पडलं तर कारण विचारत बसू नका, बरेचदा ते कोणी सांगत नाही. प्रश्न सुधारला तर मत देणाऱ्याला ते बदलता येतं. स्टॅक एक्सचेंजवर मत दिल्यावर काही मिनिटांत ते गोठतं आणि मजकूर संपादित झाल्यावरच पुन्हा बदलता येतं. म्हणजे संपादन केलंत तरच ते मागे घेण्याची वाट उघडते.

सावधान: तोच प्रश्न एकाच वेळी तीन साइटवर टाकू नका. एकीकडे उत्तर मिळून गेलेलं असतं आणि दुसरीकडे कोणीतरी तासभर खपत असतो. एका ठिकाणी दोन-तीन दिवस वाट पाहा. मगच दुसरीकडे टाका, आणि दोन्हीकडे एकमेकांचा दुवा द्या.

## टप्पा ७: उत्तर आल्यावर

आधी करून पाहा, मग स्वीकारा. पहिल्या दहा मिनिटांत आलेलं उत्तर तिथल्या तिथे स्वीकारलं की बाकीचे प्रश्न सुटला समजून पुढे जातात, आणि अधिक चांगलं उत्तर कधी येतच नाही. एक दिवस थांबलेलं बरं.

उत्तराने काम झालं नाही तर ‘नाही चालत’ एवढंच न लिहिता काय केलं आणि काय झालं ते लिहा. उत्तराने मूळ प्रश्न सुटला, पण त्यातून नवा निघाला, तर नवा प्रश्न वेगळा टाका. जुनाच प्रश्न बदलून त्यात नवी अडचण घातलीत तर आधीची अचूक उत्तरं अचानक चुकीची दिसू लागतात. सरड्यासारख्या रंग बदलणाऱ्या अशा प्रश्नांनी चांगली माणसं सर्वांत लवकर चिडतात.

तोडगा स्वतःच सापडला तर तो उत्तर म्हणून लिहा. शीर्षकात ‘सुटला’ लिहू नका. स्वतःचं उत्तर स्वीकारायला स्टॅक एक्सचेंजवर दोन दिवस थांबावं लागतं.

काहीच उत्तर नाही आलं, तर तिथे प्रश्न दोन दिवसांचा झाल्यावर बक्षीस लावता येतं, म्हणजे चांगल्या उत्तरासाठी आपले गुण देऊ करता येतात. त्यासाठी ७५ गुण हवेत, कमीत कमी बक्षीस ५० गुणांचं, मुदत सात दिवस. गुण लावताक्षणीच कापले जातात आणि उत्तर नाही आलं तरी परत मिळत नाहीत. म्हणून आधी प्रश्न सुधारा. वाईट प्रश्नावर लावलेलं बक्षीस म्हणजे गुण फुकट.

## टप्पा ८: प्रश्न बंद झाला तर

बंद म्हणजे डिलीट नव्हे. नवी उत्तरं थांबवलेली असतात, दुरुस्तीची वाट खुली असते. वर दिलेलं कारण वाचा आणि फक्त तेवढंच दुरुस्त करा. ‘मतांवर आधारित’ म्हटलं असेल तर ‘सर्वोत्तम कोणतं?’ काढून ‘या तीन अटींत बसणारं कोणतं?’ करा. ‘अस्पष्ट’ म्हटलं असेल तर टप्पा ५ पुन्हा. ‘विषयाबाहेर’ असेल तर भांडू नका, जागा बदला.

स्टॅक एक्सचेंजवर दुरुस्ती केल्यावर बंद प्रश्न फेरतपासणीला पाठवता येतो. ती संधी शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारण्यात घालवू नका. सगळी दुरुस्ती बाहेर पूर्ण करा आणि एकदाच टाका.

सावधान: बंद प्रश्न डिलीट करून तोच नव्याने टाकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. स्टॅक ओव्हरफ्लो या स्टॅक एक्सचेंजच्या प्रोग्रामिंगवरच्या साइटवर वाईट मतांचे डिलीट केलेले प्रश्नही हिशेबात धरले जातात, आणि ते साठले की प्रश्न विचारण्यावर आपोआप बंदी येते. नवं खातं काढून ती चुकवायला गेलं तर प्रकरण आणखी चिघळतं.

## टप्पा ९: उत्तरं देताना

पहिल्या ओळीत उत्तर, मग कारण, मग ते कधी लागू पडत नाही ते. नुसता दुवा टाकू नका. दुव्यामागचं पान उद्या उडालं की तुमच्या उत्तरात काहीच उरत नाही. मुद्द्याच्या दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा आणि दुवा आधार म्हणून ठेवा. स्वतःच्या उत्पादनाचा किंवा चॅनेलचा उल्लेख करायचा असेल तर तो आपला आहे हे तिथेच सांगा, नाहीतर जाहिरात समजून काढलं जातं.

एआयकडून लिहून घेतलेलं उत्तर चिकटवण्याआधी त्या साइटचा नियम पाहा. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण अशी उत्तरं वाचायला अस्खलित असतात, पण बरेचदा चुकीची असतात आणि तपासणाऱ्यांच्या हातून निसटतात. नियम नसलेल्या साइटवरही स्वतः करून न पाहिलेलं उत्तर देऊ नका.

महिन्याभराने वहीत चार आकडे मांडा: विचारलेले प्रश्न, त्यांतले उत्तर मिळालेले, तुम्ही दिलेली उत्तरं, आणि त्यांवर प्रश्नकर्त्याने काही प्रतिसाद दिलेली. पहिले दोन जवळपास सारखे असतील तर त्याच साइटवर राहा. शेवटचा आकडा शून्य असेल, तर विचारणारे परत येत नाहीत असा त्याचा अर्थ, आणि मग उत्तरं लिहायला दुसरी साइट बघा.